सगळ्या नळ्यांवर साडेआठ

थोरलीच्या हाताला स्वयंपाकात चव नाही, असं तिची आई जन्मभर म्हणत राहिली. पण त्याच हाताने सुई टोचली तर माणसाला कळायचं नाही. सत्तावीस वर्षं ती संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत रक्त घेत होती. इतक्या वर्षांत शीर सापडली नाही, हात काळानिळा झाला, पुन्हा टोचावं लागलं, अशा तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. नेहमी येणारे लोक तिला तोंडावर ‘डासबाई’ म्हणत. ती म्हणे, डास निदान कानाशी गुणगुणून आगाऊ कळवतो; मी तेवढेही कष्ट घेत नाही.

रक्त घेणं हे कामाचं सोपं टोक होतं. खरं काम त्यानंतर. नळीतलं रक्त एका दाट द्रवावर अलगद सोडायचं, दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. बाहेर काढली की तांबड्या पेशी तळाशी, पिवळसर पाणी वर, आणि मधोमध काचेवर धुकं धरावं तसा पांढुरका पट्टा. हा पट्टा म्हणजे पांढऱ्या पेशी. तो पिपेटने उचलायला नव्या मुलींना सहा महिने लागायचे आणि तोवर त्या दोनदा रडायच्या. थोरली बोलता बोलता उचलायची. रक्त घेतल्यापासून दोन तासांत पेशी वेगळ्या झाल्या पाहिजेत असा नियम होता. तिच्या हातून अर्ध्या तासात व्हायच्या. उभ्या राहिलेल्या रक्तातल्या पेशी बिथरतात, भलतीच जनुकं चालू करतात, आणि मग मोजमापाला अर्थ उरत नाही, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची.

एवढी काटेकोर बाई. आणि तिच्याच हातून ते झालं, लेबलाच्या यंत्रावर.

नळ्यांना लावायची लेबलं छापणारं यंत्र मजल्यावर एकच होतं, चार प्रयोगशाळांत मिळून, आणि ते सकाळी तापायला वीस मिनिटं घ्यायचं. म्हणून थोरलीने फार पूर्वीच एक रीत पाडली होती. शुक्रवारी दुपारी पुढच्या आठवड्याची सगळी लेबलं एकदम छापून ठेवायची. यंत्र वेळेचा रकाना भरल्याशिवाय छापत नसे. रक्त आठ ते नऊच्या दरम्यान घ्यायचं हे ठरलेलं, म्हणून ती मधली वेळ टाकायची, साडेआठ. इतर प्रयोगशाळांनीही ही युक्ती उचलली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण वावगं नव्हतंच, लोक वेळेवर येत होते तोवर.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं.

धाकटी म्हणजे तिची बहीण, अकरा वर्षांनी लहान. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तिची शिट्टी रस्त्यापलीकडे ऐकू जायची आणि आवाज शिट्टीहून पुढे. दोन वर्षांपूर्वी विषाणूच्या तापाची साथ आली तेव्हा तिच्या घरातले तिघेही आडवे झाले. नवरा आठव्या दिवशी कामावर गेला. सासूबाई दहाव्या दिवशी शेजारणीशी भांडल्या, म्हणजे बऱ्या झाल्या. धाकटीचा ताप उतरला, पण ती उठली नाही. आधी महिनाभर, मग सहा महिने, मग कोणी मोजेना. सकाळी अकराच्या आत डोळे उघडत नसत. डोक्यावर हात नेऊन केस विंचरले तर दुपारभर दंड थरथरत राहत. एक जिना चढली की दोन दिवस अंथरुणात.

तपासण्या केल्या तेवढ्या नॉर्मल आल्या. हा शब्द त्या घरात हळूहळू शिवीसारखा वापरला जाऊ लागला. सासूबाई म्हणायच्या, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. नवरा असं बोलत नसे. तो माणूस वाईट नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचा आयुष्याचा अनुभव असा की बिघाड असला तर तो सापडतोच. चार वेळा शोधून सापडला नाही तर तो नसतो. त्याने चार वेळा शोधलं. नंतर तो कामावरून उशिरा यायला लागला.

याच सुमाराला थोरलीच्या प्रयोगशाळेत नवं काम निघालं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मागे ‘मोठ्या बाई’ म्हणत. विषाणू रक्तातल्या पेशींच्या हार्मोनशी निगडित जनुकांवर काय परिणाम करतो, हे त्यांना शोधायचं होतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून एक हार्मोन रक्तात येतं, कॉर्टिसॉल नावाचं. पांढऱ्या पेशी ते ओळखतात, आत घेतात, आणि त्याच्या सांगण्यावरून काही जनुकं चालू करतात, काही बंद. मोठ्या बाईंनी निरोगी माणसाच्या पेशी प्रयोगाच्या काचेच्या बशीत घेऊन त्यांना विषाणूची लागण केली, तेव्हा एका दिवसात हार्मोन ओळखणारं जनुक मंदावलं. आता पुढचा प्रश्न. ज्यांना ताप येऊन गेला आणि जे महिनोन्‌महिने उठले नाहीत, त्यांच्या पेशी अजूनही तशाच आहेत का?

अडतीस आजारी आणि चाळीस निरोगी माणसं निवडली. निरोगी म्हणजे आसपासच्या कचेऱ्यांतले लोक. कामावर जाता जाता साडेआठला हात पुढे करून जायचे. आजाऱ्यांत धाकटी होती. तिचा नंबर चौदा.

पहिले सात आजारी कसेबसे वेळेवर आले. आठव्या बाईने फोनवर सांगितलं की सकाळी उठवत नाही हो, काही केल्या उठवत नाही. थोरलीच्या डोळ्यांसमोर धाकटीच आली. ती म्हणाली, जमेल तेव्हा या, मी आहे इथे. ती बाई एकला आली. मग तिने दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल, किंवा सगळ्यांचं दुखणंच एक होतं. बाराला, दीडला, दोनला, असे ते यायला लागले. थोरली डबा बाजूला ठेवून उठायची, रक्त घ्यायची, अर्ध्या तासात पेशी वेगळ्या करायची, आणि नळीला तयार लेबल लावायची. साडेआठ. मोठ्या बाईंना एकदा जिन्यात तिने सांगितलंही होतं की पेशंट जरा उशिरा येतात. येऊ देत, बाई म्हणाल्या होत्या.

निकाल आला तो दणदणीत. हार्मोनच्या इशाऱ्यावर चालणारी सात जनुकं आजाऱ्यांत जवळजवळ अर्ध्यावर आली होती. मोठ्या बाईंनी बैठकीत सांगितलं की हार्मोन येतंय, पण या पेशी बहिऱ्या झाल्या आहेत. आलेखावर निळे ठिपके निरोगी लोकांचे, लाल आजाऱ्यांचे, आणि दोन्ही थवे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे. लेख लिहून झाला, एका नियतकालिकाने स्वीकारला. आजवर थोरलीचे आभार शेवटच्या ओळीत मानले जात. या खेपेला नाव वर, लेखकांत होतं.

तो आलेख तिने घरी नेला. कोणत्याही पेशंटला त्याचा ठिपका दाखवायचा नाही, हा नियम तिला पाठ होता. तिने धाकटीच्या पलंगावर कागद पसरला आणि लाल थव्यातल्या एकावर बोट ठेवलं.

“ही तू.”

धाकटी बराच वेळ बघत राहिली. नवऱ्याने कागद उचलून खिडकीपाशी नेला. त्याने सगळं नीट समजून घेतलं, दोनदा विचारून.

“म्हणजे बटण दाबलं जातंय, पण लिफ्ट येत नाही.”

“साधारण तसंच.”

“मग आधी सांगायचं ना,” तो बायकोला म्हणाला. जणू तिने ते लपवून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून घर पालटलं. त्याने न्हाणीघरात बसायला स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला दांडी बसवली. सासूबाईंना त्याने एकदाच सांगितलं, आई, तिचं रक्तातच आहे, छापून येणार आहे. रक्तात म्हटल्यावर सासूबाई गप्प झाल्या. कागद कपाटाच्या दारावर चिकटला.

हे झाल्यावर अडीच महिन्यांनी कोष्टकचा फोन आला.

कोष्टक म्हणजे आकडेवारी बघणारा. त्याचं खरं नाव पगाराच्या वेळेलाच निघायचं. लेख छापायला जाण्याआधी सगळे आकडे शेवटचे तपासत होता. थोरली त्या वेळी यंत्रातून नळ्या काढत होती.

“ताई, एक गंमत सांगतो. मार्चमध्ये तुम्ही ठणठणीत आहात आणि जूनमध्ये आमच्या पेशंट झालात. मधे ताप येऊन गेला का?”

तिला आठवलं. मार्चमध्ये एकदा निरोगी लोकांत एक कमी पडलं म्हणून तिने स्वतःचं रक्त दिलं होतं, सकाळी, इतरांबरोबर. जूनमध्ये एका निरोगी माणसाची नळी यंत्रात तडकली. तो माणूस परगावी गेलेला. वहीत नोंद करून तिने पुन्हा स्वतःचंच घेतलं होतं, दंडाला बांधायचा पट्टा दातात धरून. जेवणानंतर. सव्वादोन वाजता.

“नाही,” ती म्हणाली. “ताप नाही आला.”

“मग नळी बदलली असणार. कुणा पेशंटची तुमच्या नावावर गेली. होतं हो असं. मी ती ओळ काढून टाकतो, तुम्ही फक्त हो म्हणा.”

सत्तावीस वर्षांत तिची नळी कधी बदलली नव्हती. ती उद्या सांगते म्हणाली आणि फोन ठेवला.

कॉर्टिसॉल पहाटे चढतं. जाग येण्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि दुपारपर्यंत निम्म्याखाली उतरतं. हे धडधाकट माणसाचं गणित आहे, रोजचं. म्हणूनच तर आठ ते नऊचा नियम होता. तिच्या पेशी जूनमध्ये बहिऱ्या झाल्या नव्हत्या. ऐकायला फारसं काही नव्हतंच. जूनच्या त्या दुपारी ती लाल थव्यात जाऊन बसली, कारण अख्खा लाल थवा दुपारचा होता आणि निळा सकाळचा. मधे विषाणू असेल, नसेल. त्या आलेखावरून सांगता येत नव्हतं.

हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि ते तिथेच मिटवायला एक ‘हो’ पुरत होता.

कामावरून सुटल्यावर ती धाकटीकडे गेली. सहा वाजले असतील. दार लोटलेलंच होतं. आत नवरा पलंगावर बसून धाकटीचे केस विंचरत होता. लिफ्टच्या तारा सोडवाव्यात तशी एकेक गाठ हातात धरून तो तिच्याशी वाद घालत होता, आणि धाकटी ओरडत होती की डोकं माझं आहे, यंत्र नाही. ती हसत होती. थोरलीने तिला वर्षभरात असं हसताना बघितलं नव्हतं. लेख कधी येतोय, हे नवऱ्याने मान न वळवता विचारलं. धाकटी म्हणाली, आला की सासूबाईंना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार, कळो न कळो. थोरलीने चहा घेतला नाही. पित्त झालंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोट अंगात घालण्याआधीच ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. लेबलं, शुक्रवार, फोनवरची आठवी बाई, सव्वादोन. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती जण?”

“पहिले सात सोडून सगळे.”

“निरोगी?”

“सगळे सकाळचे. माझी दुसरी नळी सोडून.”

“तुम्ही मला म्हणाला होतात, पेशंट उशिरा येतात.”

“हो.”

“मला वाटलं पाचदहा मिनिटं.”

 जिन्यातलं ते बोलणं थोरलीला वापरता आलं असतं, पण वापरून पदरात काय पडणार होतं?

बाई खिडकीकडे वळल्या आणि म्हणाल्या की तुमच्याकडून हे व्हावं. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं थोरलीने नंतर एका मुलीला सांगितलं.

खऱ्या वेळा मिळाल्या त्या फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत. आल्यागेल्याची घड्याळ बघून नोंद करायचा त्याला नाद होता आणि त्यावरून त्याची टिंगल व्हायची. थोरली आणि कोष्टक आठ दिवस ती वही उतरवत बसले. कोष्टकने या आठ दिवसांत एकही विनोद केला नाही. एकदाच म्हणाला, “ताई, मी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. बढतीच्या अर्जात हा लेख त्याने आधीच लिहून टाकला होता.

वेळेचा हिशेब धरून आकडे पुन्हा मांडले. सात जनुकांपैकी सहा गेली. एक उरलं, तेही कुंपणावर बसल्यासारखं. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. बशीतलं काम टिकलं, कारण तिथे लागण झालेल्या आणि न झालेल्या पेशी एकाच रक्तातल्या, एकाच वेळच्या होत्या. विषाणू पेशीचं हार्मोन ओळखणं बिघडवतो, हे बशीत खरं होतं. माणसात, दोन वर्षांनंतर, ते खरं आहे की नाही, ते आता कोणालाच माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी लेख मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. थोरलीला काढून टाकलं नाही. लेबलाचं यंत्र तेवढं दुसरीच्या ताब्यात गेलं.

धाकटीला सांगायला ती दुपारी गेली, नवरा घरी नसताना. सोपं करून सांगितलं, कोष्टकच्या फोनसकट. धाकटी मधेच उठून उशीला टेकली.

“म्हणजे मला काही झालेलं नाही.”

“असं नाही म्हणाले मी. झालंय. ते रक्तात कुठे दिसतं, ते आम्हाला कळलेलं नाही.”

“घरच्यांना यातला फरक कळेल असं वाटतं तुला?”

थोरलीने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

“तो आकडेवाला म्हणाला होता ना, नळी बदलली म्हणा म्हणून?”

“हो.”

“मग का नाही म्हणालीस? तुझं काय जात होतं?”

“बदलली नव्हती, म्हणून.”

“दोन वर्षांत मला कोणी खरं मानलं नाही, ताई. अडीच महिने मानलं. तेवढेच अडीच महिने.” तिने कपाटाकडे बघितलं. “तुला एका नळीचं खोटं बोलवेना.”

थोरली म्हणू शकली असती की ती एक नळी नव्हती. पुढे कोणी या कागदावर विसंबून धाकटीसारख्यांना औषध देईल, ते लागू पडणार नाही, आणि मग दुसऱ्यांदा त्यांना कोणी खरं मानणार नाही. हे सगळं तिने येताना रस्त्यात मनाशी जुळवलं होतं. धाकटीने भिंतीकडे तोंड केलं होतं. जुळवलेलं तसंच राहिलं.

नवऱ्याला धाकटीने स्वतःच सांगितलं, त्याच संध्याकाळी. त्याने भांडण केलं नाही. तपासणीत चूक झाली तर आधीचा निष्कर्ष रद्द होतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने कागद कपाटावरून काढला, फाडला नाही, घडी घालून आत ठेवला. मग हळूहळू, कोणी ठरवल्याशिवाय, घर मागच्या जागी सरकलं. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की रक्तातबिक्तात काही नव्हतं, मोठ्या बहिणीची मेहेरबानी होती. धाकटीने एकदा हट्टाने तलावावर जाऊन शिकवून बघितलं. चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी तलावावरच्या दोघींनी धरून तिला घरी आणलं आणि पुढचा महिना ती पलंगावर होती. पण आता त्याचं उत्तर घरात तयार होतं: चार दिवस जमलं ना?

मोठ्या बाईंनी काम पुन्हा सुरू केलं. सगळ्यांचं रक्त आठ ते नऊ. अडतीस आजाऱ्यांपैकी अकराजण येऊच शकले नाहीत, आणि ते अकराजण सगळ्यांत जास्त आजारी होते. म्हणजे जे येतील ते त्यातल्या त्यात बरे, आणि आकडे पुन्हा खोटं बोलणार. बाईंनी कपाळावर हात मारला, मग गाडीची सोय केली. या अकरांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, एका सकाळी दोन घरं, आणि दोन तासांच्या आत पेशी वेगळ्या करायच्या. हलका हात एकीचाच होता. थोरलीच जाऊ लागली, हातात बर्फाची पेटी, खिशात पेन. नळी भरली की घड्याळ बघून ती लेबलावर हाताने वेळ लिहायची.

अकरांत धाकटी होती. थोरलीने मोठ्या बाईंना सांगितलं की त्या घरी दुसरी कोणी जाऊ दे. बाई म्हणाल्या, दुसरीने दोनदा टोचलं तर? प्रश्न रास्त होता.

आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी नवऱ्याने दार उघडलं. कामाचे कपडे चढवलेले, हातात हत्यारांची पिशवी. तो बाजूला सरला. या, ताई, म्हणाला, नेहमीच्या आदराने.

“झोपलीय. सकाळी उठायची सवयच गेलीय तिची. आता आम्ही उठवतही नाही.”

आतून धाकटीने ऐकलं असणार, कारण थोरली खोलीत गेली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते पण पापण्या हलत होत्या. थोरलीने संमतीचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं की आपण कधीही, कारण न देता, नकार देऊ शकता. ती वाचून दाखवायला लागली, कारण तो नियम होता.

“मला माहितीय ते,” धाकटी डोळे न उघडता म्हणाली. “घे.”

“घ्यायलाच हवं असं नाही.”

“घे म्हणते ना.”

तिने हात पांघरुणाबाहेर काढला. पोहणाऱ्या बाईचा दंड आता थोरलीच्या मुठीत मावत होता. शीर पहिल्याच फटक्यात सापडली. धाकटीला सुई कळली की नाही, ते तिने दाखवलं नाही. नळ्या भरल्या. आठ सदतीस. पट्टी लावून होईपर्यंत धाकटीने हात तसाच राहू दिला, आणि मग कूस बदलली. थोरलीला तिच्यापाशी बसायचं होतं. पेटीत रक्त होतं, खाली गाडी थांबली होती, आणि दुसऱ्या घराची वेळ होत आली होती.

दारात नवऱ्याने विचारलं, याचं उत्तर कधी येणार?

“वर्ष तरी लागेल.”

“वर्ष,” तो म्हणाला, आणि मान हलवली.

ती दोन पायऱ्या उतरली होती. तिथून वळली.

“सवयीचा प्रश्न नाही तो,” ती म्हणाली.

त्याने पिशवी खांद्यावर घेतली. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मग काय आहे?”

थोरलीला सत्तावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं नव्हतं. ते काम मोठ्या बाईंचं. ती नळ्या भरायची.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “पण सवय नाही.”

तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, आणखी काही येईल म्हणून. मग म्हणाला, मलाही निघायला हवं, आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचा तो जिना दोघं एकामागून एक उतरले.